उसवलं की फाटलं

सोमवार, १६ ऑक्टोबर १९८९. तारीख माझ्या मापांच्या वहीत आहे, म्हणून नेमकी सांगता येते. पानावर वरती गिऱ्हाइकांचे तीन ब्लाउज आणि एक झबलं आहे. त्याखाली माझ्याच अक्षरात एवढंच: ‘हिरवा सदरा, नऊ नंबर, रफू.’ पुढे माप नाही, वायदा नाही. दिवाळी दोन आठवड्यांवर आली होती. कापडांचे गठ्ठे मशीनवर, पलंगाखाली, अगदी धान्याच्या कोठीवरही पडले होते, आणि मी सकाळी साडेसहाला दारातल्या उजेडात बसून एका परक्या माणसाच्या सदऱ्याची फाट भरत होते.

परका म्हणजे धुळ्याच्या संघातला. आदल्या दिवशी, रविवारी, जळगावात आमच्या गल्लीमागच्या मैदानावर फुटबॉलचा उपांत्य सामना झाला होता. आमच्या गल्लीचा संघ एक गोलने पुढे होता. शेवटच्या पाच मिनिटांत धुळ्याचा नऊ नंबरचा फॉरवर्ड चेंडू घेऊन एकटाच सुटला. त्याच्यापुढे फक्त आमचा गोलकीपर राहिला होता. तेवढ्यात माझ्या नवऱ्याने मागून त्याचा सदरा धरला. सदरा टरकला, तो माणूस थांबला, रेफरीने शिट्टी वाजवून फ्री किक दिली. ती बाहेर गेली. थोड्या वेळाने सामना संपला आणि आम्ही अंतिम फेरीत गेलो.

त्या काळी आमच्याकडच्या संघांत एक रीत होती. ज्याने फाडलं त्याच्या घरी शिवायचं. सदरे आत्तासारखे विकतचे, जाळीचे नव्हते. वर्गणी काढून टेरिकॉटचा तागा आणायचा, कुणाकडून तरी तेरा सदरे शिवून घ्यायचे आणि पाठीवर नंबर टाकायचे. एक सदरा गेला की नंबर गेला, नंबर गेला की संच मोडला. म्हणून सामन्यानंतर फाटका सदरा ज्याच्या हातून फाटला त्याच्याकडे जायचा आणि धुऊन, शिवून, इस्त्री करून परत यायचा. मी शिवणकाम करते, त्यामुळे आमच्या संघाने फाडलेलं सगळं माझ्याच दारात येऊन पडायचं. पण नवऱ्याने फाडलेलं हे पहिलंच. तेरा वर्षं तो खेळत होता.

सदरा हातात घेतल्या घेतल्या मी पहिल्यांदा शिवण पाहिली, ती माझी सवय आहे. बाजूची शिवण काखेपासून खालपर्यंत शाबूत होती. फाट होती शिवणीपासून दोन बोटं आत, चांगल्या धडधाकट कापडात, आडवी, चार बोटं लांब. कापड असं आपोआप फाटत नाही. मूठ आवळून मागे ओढलं तरच फाटतं. बोटांच्या चुण्याही अजून तशाच होत्या. मी खालच्या दुमडीच्या आतून त्याच सदऱ्याचे दोरे काढले, म्हणजे रंग वेगळा पडत नाही, आणि एकेक दोरा वरखाली घेत फाट भरली. नऊ वाजता पहिलं गिऱ्हाईक यायच्या आत सदरा धुऊन दोरीवर होता. नवरा तोवर कामावर गेला होता. तो दाळमिलमध्ये फिटर होता. मी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. कापडावर होतं ते मी वाचलं होतं.

आता थोडं त्याच्या खेळाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फॉरवर्ड गोल मारतो, बॅक गोल अडवतो, आणि मधे जो दोन्हीकडे धावतो त्याला हाफ म्हणतात. माझा नवरा हाफ. सहा नंबरचा पिवळा सदरा. मी सामने फारसे पाहिले नाहीत. रविवार हा माझा काजं-बटणांचा दिवस. पण संघाचे तेरा सदरे सामन्यानंतर माझ्याकडे धुवायला यायचे, कारण ते मीच शिवलेले आणि दुसरीकडे दिले की नंबर निघायचे. टबात टाकताना कुणी काय केलं ते मला कळायचं. गोलकीपरचे कोपर मळलेले. आमचा दहा नंबर, ज्याच्या नावाने पोरं ओरडायची, त्याचा सदरा कित्येकदा न धुता परत घालता आला असता. सहा नंबरला मात्र दोन पाणी पुरायची नाहीत. पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा आणि डाव्या अंगाला खांद्यापासून खालपर्यंत माती, दर वेळी डाव्याच अंगाला, कारण तो चेंडू काढायला त्या बाजूने लोळत जायचा.

छत्तिसावं वर्ष लागलं होतं त्याला, आणि उजवा गुडघा सकाळी जिना उतरताना वाजायचा. जूनमध्येच त्याने सांगून टाकलं होतं की हा हंगाम शेवटचा, दिवाळीनंतर बूट खुंटीवरून कायमचे कोठीखाली. आणि नेमका त्याच हंगामात संघ पहिल्यांदा अंतिम सामन्याला पोचला होता. पुढच्या रविवारी, धुळ्याला, भुसावळच्या संघाविरुद्ध. म्हणजे तेरा वर्षांतला पहिला अंतिम सामना आणि शेवटचाही. घरात कुणी हे बोलून दाखवत नव्हतं. पण शनिवारीच त्याने बुटांना तेल लावून ठेवलं होतं, उपांत्य सामना व्हायच्याही आधी.

सोमवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर नेहमीप्रमाणे मंडळी जमली. आमचा ओटा विहाराच्या चौकात येत असल्याने सामन्यानंतरची चर्चा तिथेच व्हायची. मी आत मशीनवर, दार उघडं, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं, आणि चहाही मीच द्यायची. बोलणारे दहा-बारा असले तरी वाद घालणारे दोघेच. एक नाना. रेल्वेतून गँगमन म्हणून निवृत्त, मूळचे पाचोऱ्याकडचे. दुसरे सायकलवाले भाऊ, ज्यांचं चौकात सायकल दुरुस्तीचं दुकान. संघाच्या चेंडूत हवा भरण्याचा मान भाऊंचा, म्हणून संघाविषयी शेवटचा शब्दही आपलाच असं ते धरून चालायचे.

भाऊंचं म्हणणं असं की जिंकलो ते दहा नंबरच्या गोलवर, आणि सहा नंबरने शेवटी सदरा धरून त्या गोलला काळं फासलं. पकडापकडीच करायची तर कबड्डीचा संघ काढा. धुळ्याचे लोक उद्या म्हणतील, जळगाववाले चोरून जिंकले. आणि एरवी तरी हा माणूस करतो काय? तेरा वर्षांत गोल किती?

“दोन,” नाना म्हणाले.

“त्यातला एक आपल्याच जाळ्यात.”

ओटा हसला. माझा नवरा पायरीवर बसून गुडघ्याला मोहरीचं तेल चोळत होता. तोही हसला. गोल त्यानेच मारला होता, विसरायला तो काय वेडा आहे.

नाना चिडले की त्यांची अहिराणी सुटायची. म्हणाले, “बठ्ठा खेळ तो खेळस, आनि टाया दुसराले.” म्हणजे सगळा खेळ हा खेळतो आणि टाळ्या दुसऱ्याला. मग सावकाश, आमच्या भाषेत, त्यांनी भाऊंची शिकवणी घेतली. गाडी वेळेवर आली की ड्रायव्हरचं नाव होतं, रुळावर पायी चालत एकेक खिळा बघणारा गँगमन कुणी पाहिलाय? नानांची मोजायची एक पद्धत होती. सामन्याला येताना ते उजव्या खिशात भाजलेल्या शेंगा भरून आणायचे. सहा नंबरने समोरच्याकडून चेंडू काढला की एक शेंग डाव्या खिशात. रविवारी अर्धा सामना व्हायच्या आत उजवा खिसा रिकामा झाला होता. भाऊ म्हणाले, तुम्ही खाल्ल्या असतील. नाना म्हणाले, फोलपटं दाखवू का?

खरा वाद पुढे पेटला. नाना म्हणत होते, तो नऊ नंबर सुटला तेव्हा आपला माणूस एक पाऊल मागे होता. त्याला थांबवायचे दोनच मार्ग होते. मागून पाय घालायचा, नाहीतर सदरा धरायचा. पाय घातला असता तर फ्री किकच मिळाली असती, तेवढीच शिक्षा, आणि नऊ नंबर धावत्या वेगात तोंडावर आपटला असता. यंदापासून स्पर्धेच्या कमिटीने नियम केला होता की मुद्दाम सदरा ओढणारा पुढच्या एका सामन्याला बाहेर. मागच्या वर्षी सदरे फार फाटले, वर्गणीदार ओरडले, म्हणून तो नियम. पाय मोडला तर फ्री किक आणि सदरा फाडला तर हकालपट्टी, असला नियम करणाऱ्यांनी फुटबॉल खेळलाय की कापडाचं दुकान काढलंय, असं नानांनी विचारलं.

भाऊ म्हणाले, मुळात थांबवायचंच कशाला? सुटला तर सुटला. गोल झाला असता तर बरोबरी झाली असती, पुढे बघितलं असतं.

“बघितलं असतं तुम्ही,” नाना म्हणाले. “धावला असता तो.”

मी चहा घेऊन बाहेर आले होते. मला त्यांच्या नियमांतलं फार कळत नव्हतं. पण भाऊ जेव्हा परत म्हणाले की हा मैदानात असतो कुठे तेच दिसत नाही, तेव्हा मी कप त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “भाऊ, सदरे मी धुते. कोण कुठे असतो ते मला विचारा.”

नाना खाली मान घालून बशीत फुंकर मारत राहिले. नवऱ्याने तेलाची बाटली उचलली आणि आत गेला. त्याला कुणी त्याच्याबद्दल चांगलं बोललं की सहन व्हायचं नाही.

मंगळवारी दुपारी कमिटीचा निरोप आला. धुळ्याच्या कप्तानाने तक्रार केली आहे की सदरा मुद्दाम ओढला. बुधवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या खोलीत बैठक आहे, सदरा घेऊन या. फाटलेल्या अवस्थेत.

सदरा इस्त्री करून घडी घालून कपाटात होता.

संध्याकाळपर्यंत ही बातमी गल्लीभर झाली, आणि ओट्यावरचा रंगच बदलला. कमिटीची तपासायची रीत सगळ्यांना माहीत होती. ज्याच्यावर तक्रार त्या खेळाडूला काही विचारायचं नाही, कारण विचारलं की प्रत्येक जण नाहीच म्हणतो. रेफरीला शिट्टीपलीकडचं काही आठवत नाही. म्हणून कापड बघायचं. शिवण उसवलेली असली तर दोरा कुजका होता, दोष कुणाचा नाही. कापड फाटलं असलं तर ओढलं. आता कापड बघायची सोयच राहिली नव्हती. फाट मी भरून टाकली होती, आणि मूळची कशी होती ते फक्त मला माहीत होतं.

सगळ्यात खूश होते ते सायकलवाले भाऊ. सोमवारी ज्याला कबड्डीत पाठवत होते त्याच्याशिवाय भुसावळसमोर आपण उभे राहू शकत नाही, हे त्यांना एका रात्रीत उमगलं होतं. भुसावळचा मधला खेळ दांडगा आहे, म्हणाले, त्यांना दमवणारा आपल्याकडे एकच. मग दारात येऊन मला म्हणाले, “वहिनी, एकच शब्द. उसवलं. त्यापुढे तुम्हाला कुणी काही विचारणार नाही.”

मी म्हटलं, “काल तर तुम्हाला तो दिसतच नव्हता.”

“काल चष्मा नव्हता,” भाऊ म्हणाले.

मला वाटलं होतं नानाही तेच म्हणतील. सहा नंबरसाठी खिसाभर शेंगा बाळगणारा माणूस. पण नाना ओट्यावरून उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “तिले काही शिकाडू नका.” आणि घरी गेले.

रात्री आम्ही जेवायला बसलो तेव्हा मुली आधीच जेवून उठल्या होत्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. मी विचारलं, “उद्या काय सांगू?”

“सदरा झाला ना नीट?”

“झाला. मी ते विचारत नाहीये.”

त्याने आणखी अर्धी भाकरी घेतली. मी त्याला समजावलं की खोटं म्हणावं असं यात काही नाही. सदरा नीट झालाय, माणसाला खरचटलंही नाही, सामना तर कमिटी पुन्हा खेळवणार नाहीये. एका शब्दाने तू रविवारी मैदानावर असशील. तो ऐकत होता. म्हणाला, नऊ नंबर सोनगीरचा आहे. रोज सकाळी सायकलला दुधाचे कॅन बांधून धुळ्याला येतो, घरोघर रतीब घालतो आणि दुपारी सरावाला जातो. सामन्याआधी दोघांचं बोलणं झालं होतं. मला कळेना हा मधेच दुधाचं काय सांगतोय. मी भांडी आवरली. मनात मी ठरवलं होतं. उसवलं म्हणायचं.

हे आज लिहिताना मला संकोच वाटत नाही. मला खोटं बोलायची सवय नाही, पण लागेल तेव्हा बोलता येतं, आणि त्या वेळी लागत होतं. तेरा वर्षं तो सदरा मी घासला होता.

बुधवारी पाचला मी ब्लाउजांचं काम टाकून, हिरवा सदरा वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत गेले. नवरा मिलमधून सायकलवर परस्पर आला आणि मागच्या बाकावर बसला. त्याला काही विचारणार नव्हतेच. नाना आणि भाऊ खिडकीपाशी उभे. कमिटीचे अध्यक्ष एक म्हातारे निवृत्त मुख्याध्यापक होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. धुळ्याहून पारोळ्यामार्गे दुपारच्या एसटीने दोघे आले होते, तक्रार करणारा कप्तान आणि तो नऊ नंबर. नऊ नंबर पंचविशीचा, काटक माणूस, पायांच्या पोटऱ्या सायकलीने दगड झालेल्या. त्याला कप्तानाने बळेच आणलं असावं. आबांनी त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला की मागून कुणीतरी थांबवलं एवढंच कळलं, पाठीला डोळे नाहीत.

आबांनी सदरा उलगडला. चष्मा काढला, पुसला, घातला. उजवी बाजू पाहिली, उलटी करून पाहिली, डावी बाजू पाहिली. मग सदरा दुसऱ्या सभासदाकडे, तिथून कप्तानाकडे, तिथून नऊ नंबरकडे गेला. त्याने तो उजेडात धरला, बोटं फिरवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, “अक्का, कोठे फाटेल व्हतं तेच समजस नही.”

कप्तानाने त्याला कोपराने ढोसलं. आपली तक्रार आपणच बुजवतोय म्हणून.

आबा मला म्हणाले, “बाई, तुम्ही घाई केलीत.”

“दिवाळीचं काम आहे, आबा. सोमवारचं मंगळवारवर टाकत नाही.”

“ते बरोबर. पण आता कापड बोलत नाही, तर तुम्हालाच बोलावं लागेल. माझ्या सुना तुमच्याकडे शिवायला टाकतात. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेतो.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. “उसवलं होतं, की फाटलं होतं?”

मी उभी राहिले. भाऊ खिडकीतून ओठ हलवत होते, जणू मी शब्द विसरले असेन. नाना बाहेर मैदानाकडे बघत होते. मी तोंड उघडलं, आणि मागे बाक सरकल्याचा आवाज झाला.

“तिला विचारू नका,” माझा नवरा म्हणाला. “मी ओढला.”

आबांनी त्याला खाली बसायला सांगितलं. खेळाडूला विचारायची पद्धत नाही, म्हणाले.

“विचारलं नाही, मीच सांगतोय. पाय घालता आला असता. तो धावत होता त्या वेगात पाय घातला असता तर पाय गेला असता, आणि त्याचं सगळं पायांवर आहे. सदरा शिवायला माझ्या घरी माणूस आहे. म्हणून सदरा ओढला. मुद्दामच.”

एवढं लांब तो आमच्या लग्नाच्या वाटाघाटीतही बोलला नव्हता. मी बसले. कुणीतरी ‘बसा’ म्हणायच्या आधीच बसले.

आबांनी लिहून घेतलं. सभासदांकडे पाहिलं. एक सभासद हळूच म्हणाला की यंदा सोडून द्यावं, माणूस खरं बोललाय. आबा म्हणाले, नियम आपणच केलाय, पहिल्याच वर्षी मोडला तर पुढच्या वर्षी सगळे येऊन खरंच बोलतील. सहा नंबर रविवारी बाहेर. मग त्यांनी पेनला टोपण लावलं आणि म्हणाले की हा नियम मात्र पुढच्या सभेत परत बघावा लागेल, पाय स्वस्त आणि कापड महाग हे काही बरं दिसत नाही. नानांनी खिडकीतून मोठ्याने खाकरून दाद दिली.

धुळ्याच्या कप्तानाला जे हवं होतं ते मिळालं होतं, पण चेहऱ्यावरून तसं वाटत नव्हतं. नऊ नंबर सदऱ्याची घडी घेऊन माझ्या नवऱ्यापाशी गेला. काय बोलले ते ऐकू आलं नाही. एसटीची वेळ झाली म्हणून कप्तानाने हाक मारेपर्यंत दोघे उभे होते.

बाहेर येताच भाऊंनी कपाळावर हात मारला. “तेरा वर्षं मधल्या मधे राहिला, आणि पुढे यायला याला आजचाच दिवस मिळाला.” नाना म्हणाले, चला, चहा पाजा. भाऊंनी पाजला, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आम्ही दोघं घरी निघालो. तो सायकल हातात धरून चालत होता, मी शेजारी. फाटकापाशी मालगाडी चालली होती, म्हणून थांबावं लागलं. मी म्हटलं, “मी सांगत होते ना.”

“तू काय सांगणार होतीस ते दिसत होतं.”

“मग गप्प बसायचं.”

डबे संपेपर्यंत तो ते मोजत राहिला. मग म्हणाला, “लोक तुझ्या शब्दावर कापड कापायला देतात.” आणि फाटक उघडलं तसा चालायला लागला. मी त्याच्या मागून गेले. मला राग आला होता, आणि राग कुणाचा ते सांगता येत नव्हतं. घरी जाऊन भाकऱ्या टाकल्या. त्याने बूट खुंटीवरून काढून कोठीखाली ढकलले, गुडघ्याला तेल न लावता झोपला.

कुणाला निकालच हवा असेल तर तोही सांगून टाकते. धुळ्याला आम्ही दोन गोलांनी हरलो. नवरा संघाबरोबर गेला होता, बाहेर बसून त्याने पाण्याच्या बाटल्या आणि लिंबं सांभाळली. नानांनी उजव्या खिशातल्या शेंगा तशाच परत आणल्या आणि माझ्या मुलींना दिल्या. भाऊ परतीच्या पूर्ण प्रवासात मधल्या खेळाडूचं महत्त्व या विषयावर बोलत होते, तेही नानांना, जणू नानांना ते पहिल्यांदाच कळतंय.

पण हे रविवारचं. बुधवारनंतर गुरुवार आला, आणि गुरुवारी सकाळी माझ्याकडे सहा नंबरचा सदरा होता. त्याच्या जागी जो खेळणार होता तो छातीने चार इंच कमी, सदरा त्याच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबला असता. निरोप आला होता की तेवढा बारीक करून द्या. मी पहाटे उठले. सदरा उलटा केला, दोन्ही बाजूंना खडूने एकेक इंचाची रेघ मारली. मशीनवर पिवळा दोरा लावलेला होता, रीळ भरलेलं होतं. एका मिनिटाचं काम. शिलाई मारून आतलं जास्तीचं कापड कापून टाकायचं, म्हणजे बसायला नीट येतं.

मी मशीन मागे सरकवलं आणि सुई घेतली. हाताने, लांब लांब टाक्यांचा कच्चा धावदोरा घातला, डाव्या बाजूला आणि उजव्या बाजूला. आतलं कापड कापलं नाही, नुसतं दुमडून ठेवलं. असा दोरा एका सामन्यापुरता टिकतो. नंतर एक टोक धरून ओढलं की सगळा निघून येतो आणि सदरा होता तेवढा होतो.

नवरा मिलला जायला निघाला होता. दारात थांबून त्याने सदरा उचलला, उलटा करून पाहिला. तेरा वर्षं माझ्या घरात राहून त्याला टाके कळायला लागले होते.

“पक्की का नाही मारली?”

“दोरा संपला,” मी म्हटलं.

त्याने मशीनवरच्या रिळाकडे पाहिलं. मग सदरा घडी घालून पलंगावर ठेवला, वाकून कोठीखालचे बूट काढले, त्यांची धूळ झटकली आणि परत खुंटीला अडकवले. डबा घेऊन तो गेला. मी ब्लाउजाचं पहिलं कापड पुढे ओढलं आणि बाही लावायला घेतली.